पाटीच्या आतली मराठी

दुकानाची पाटी मराठीत हवी, हे आता कायद्यानेच ठरलं आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते बंधन लागू झालं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा साडीवाला त्याप्रमाणे पाटी लावतो. पण त्याचं इंटरनेटवरचं दुकान उघडलं, की आतला कारभार बहुधा ‘ॲड टू कार्ट’ आणि ‘चेकआउट’चाच असतो.

बड्या कंपन्यांशी निदान भांडता तरी येतं. डिसेंबर २०२०मध्ये मराठीच्या मागणीवरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी कोंढव्यातल्या ॲमेझॉनच्या कार्यालयाची मोडतोड केली. पुढच्या वर्षी ॲमेझॉनवर मराठी आली. छोटे दुकानदार वापरतात त्या वूकॉमर्ससारख्या मुक्त स्रोत प्रणालीत मोर्चा न्यायची गरजच नाही. ती ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या अनुवाद-व्यवस्थेत कुणीही खातं उघडून मराठी वाक्य सुचवावं, संपादकाने ते तपासून मंजूर करावं, अशी रीत आहे. मागणी करणाऱ्यानेच कामाला बसायचं.

हे काम म्हणजे इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द शोधणं, अशी आपली समजूत असते. राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत आपण भाषेचा प्रश्न शब्दांच्या याद्यांनी सोडवत आलो. अनुवादाची फाइल उघडली की मात्र शब्द नंतर अडतात, आधी व्याकरण अडतं. फाइलीत वर मूळ इंग्रजी वाक्य आणि खाली आपली ओळ. ‘अमुक वस्तू तुमच्या कार्टमध्ये आली’ या अर्थाच्या वाक्यात वस्तूच्या जागी फक्त एक खूण असते. ऐन वेळी प्रणाली तिथे नाव भरते. इंग्रजीचं त्यात काही बिघडत नाही. मराठीत साडी टाकली, कंदील टाकला आणि पुस्तक टाकलं. फाइलीत एकवचन-अनेकवचनासाठी वेगळ्या ओळी असतात, लिंगासाठी नसतात. मग बहुतेक जण ‘जोडले आहे’ लिहून मोकळे होतात आणि पैठणी नपुंसकलिंगी होते. जाणता अनुवादक वाक्याचा साचाच मोडतो: ‘कार्टमध्ये भर पडली’, आणि पुढे वस्तूचं नाव. वाक्य सुटतं, कारण क्रियापद आता वस्तूवर अवलंबून नाही.

पण प्रत्येक गाठ अशी ओळीतल्या ओळीत सुटत नाही. त्याच पैठणीची किंमत सव्वा लाख असेल, तर आपण १,२५,००० लिहितो. प्रणाली मुळात तीन-तीन आकड्यांनी स्वल्पविराम देते, म्हणून पडद्यावर १२५,००० उमटतं. पत्त्याचं तेच. ‘शनिपाराजवळ, अमक्या दुकानाच्या वर’ ही खूण सांगितल्याशिवाय पेठेतलं घर सापडत नाही, आणि फॉर्ममध्ये मात्र घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव मागितलेलं असतं. चौकटीवरचं नाव मराठी केलं, म्हणून चौकट इथली होत नाही.

मुक्त स्रोताचं खरं मोल मला इथे दिसतं. पुस्तकाच्या अनुवादकाला मूळ बदलता येत नाही. लेखक चुकला तर फार तर तळटीप द्यायची. इथे मूळही उघडं आहे. हे वाक्य आमच्या भाषेत बसत नाही, वस्तूच्या नावाची खूण वाक्याबाहेर काढा, असं अनुवादक प्रणाली लिहिणाऱ्यांना सांगू शकतो, येत असेल तर स्वतः दुरुस्तीही पाठवू शकतो. ती दुरुस्ती एकट्या मराठीच्या उपयोगाची नसते. हिंदी आणि गुजरातीही तिथेच अडतात.

पुण्याला हे काम नवं नाही. सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था इथे १९८८पासून आहे. ‘लोहित’ या भारतीय लिप्यांच्या मुक्त टंकांवर मॉड्युलर इन्फोटेक आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी काम केलं. अक्षर पडद्यावर आणायची लढाई या शहराने लढली. आता प्रश्न वाक्याचा आहे, आणि त्यासाठी संगणकवाल्याशेजारी रोज ऑर्डरी बांधणारा माणूसही बसायला हवा. गिऱ्हाईक पत्ता कसा सांगतं, पैसे परत करताना काय बोलावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं.

अनुवाद शंभर टक्के पूर्ण झाल्याचा आकडा पाहून आपण खूश होतो. त्यापेक्षा मराठीमुळे मूळ प्रणालीत किती दुरुस्त्या झाल्या, ते मोजावं. ‘मराठीत असं म्हणत नाहीत’ हे वाक्य घरात बसून कुरकुरण्यापेक्षा प्रणालीतला दोष म्हणून उदाहरणासकट नोंदवलं, तर मराठी न येणारा प्रोग्रामरही त्यावर काम करू शकतो.