छत झाकण्याआधी

छत खरवडायचं नाही, वरून झाकून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं आहे. जाणकारही हेच सुचवतात. तरी तो निर्णय मी कुणासाठी घेतला, हे मला स्वतःलाच विचारायचं आहे. तिथवर पोचेपर्यंत मनात जे येऊन गेलं, ते सगळंच चांगलं नव्हतं.

लेस्टरमधलं आमचं घर सत्तरच्या दशकातलं. बैठकीच्या छतावर आर्टेक्सचा जाड लेप, त्यात पंख्यासारखी अर्धवर्तुळं उठवलेली. त्या काळी इथे असंख्य घरांत असं करत, कारण नक्षीखाली बोर्डाचे सांधे आणि भेगा झाकल्या जात. लेपाला बळकटी यावी म्हणून त्यात थोडं पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल मिसळत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चाललं. ब्रिटनने क्रायसोटाइलवर बंदी घातली ती १९९९ मध्ये. आमच्या छताचा नमुना प्रयोगशाळेत दिला, त्यात ते निघालं. लेप शाबूत असला तर तंतू आतच घट्ट राहतात. कोरडं खरवडलं, घासलं, भोकं पाडली की ते हवेत येतात आणि छातीत जातात.

नमुना देण्याआधी एक तरुण गवंडी छत पाहून गेला होता. म्हणाला, चाचणी कशाला, दोन दिवसांत घासून सपाट करून देतो. भाव कमी होता. आणि मला तो भाव आवडला. मी हिशेब मांडू लागलो: मुलांना तेवढे दिवस मावशीकडे पाठवू, सामान काढून ठेवू, नंतर घर नीट पुसून घेऊ. या हिशेबात माझी मुलं होती, सोफा होता, पडदे होते. तो नव्हता.

तो तयार होता, हे खरं. पण कशाला तयार होतो आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं? मला निदान शंका तरी होती. आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. तोवर त्याने किती घरांची छतं घासली असतील! त्यातलं कोणतं बाधलं हे डॉक्टरही सांगू शकणार नाही. माझं दार कुणी ठोठावणार नाही. कधीच विचारलं जाणार नाही अशा गोष्टीत मी कसा वागतो, इथेच माझी खरी परीक्षा आहे.

रॉचडेलच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली वारली, तेहतिसाव्या वर्षी. विल्यम कुक या डॉक्टरने तिची फुप्फुसं तपासून लिहिलं, म्हणून तिचं नाव उरलं. मालकाने भरपाई नाकारली होती. तिच्यामागे शंभर वर्षांत किती माणसं गेली; ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने मरतात. त्यांत सुतार, वायरमन, नळकाम करणारे, गवंडी फार आहेत.

झाकण्यानेही मी मोकळा होत नाही. बोर्ड बसवायचा तर स्क्रू त्याच लेपातून जाणार. म्हणून ओलं करून, मास्क लावून, हे काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्यायचं आहे. मग छत पांढरं, सपाट दिसेल आणि खाली काय आहे याची खूण उरणार नाही. उद्या कुणी वायरमन दिव्यासाठी तिथे भोक पाडेल. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाने अ‍ॅस्बेस्टॉसची नोंद ठेवावी, अशी सक्ती इथला कायदा करत नाही. अहवालाची प्रत फ्यूजबॉक्सच्या दाराला आतून चिकटवतो आहे, आणि घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला आधीच सांगेन. भाव पडेल, पडू दे.

हे मनाशी पक्कं होत असताना गावचा गोठा आठवला. त्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, तेही अ‍ॅस्बेस्टॉसचे. भारतात क्रायसोटाइल अजून आयात होतं, त्याचे पत्रे अजून बनतात. दादा या उन्हाळ्यात पत्रे बदलणार आहे. पत्रे बसवणारा करवतीने कापतो, पांढरी भुकटी त्याच्या डोक्या-खांद्यावर पडते. लहानपणापासून मी ते पाहत आलो. फोनवर म्हटलं, "दादा, नवे घेतोस तर लोखंडी घे. आणि जुने उतरवताना पाणी मारा, फोडू नका, आख्खे काढा."

"अरे, इथे सगळ्यांचे तेच आहेत," तो म्हणाला. "वरचा खर्च कोण देणार?"

वरचा खर्च मी देणार आहे. पण आळीतल्या बाकीच्या छपरांवर तेच पत्रे चढतील, आणि कापणारा माणूसही तोच असेल. दादाकडून त्याचा नंबर मागितला आहे.