तक्रार आणि आदर



एखाद्या मोठ्या माणसाच्या वर्तनांत कांहीं खटकलें, म्हणजे आपणां खेड्यांतील लोकांपुढें दोन सोप्या वाटा असतात. एक, तोंड मिटून बसणें. दुसरी, पारावर किंवा आठवड्याच्या बाजारांत सर्वांजवळ बोलणें, पण ज्याजवळ बोलावयाचें त्याजवळ मात्र न बोलणें. पहिलीला आपण नम्रता म्हणतों व दुसरीला स्पष्टवक्तेपणा. वस्तुतः दोहोंच्या मुळाशीं भयच असतें. तिसरी वाट अवघड आहे. तिचा आज विचार करूं.

आपल्या कॅथॉलिक बंधुभगिनींपुढें हा प्रश्न विशेष रीतीनें उभा राहतो. आपला बुलढाणा जिल्हा १९५५ सालीं स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतो. कॅथॉलिक मंडळीच्या शाळा, दवाखाने व वसतिगृहें यांपैकीं पुष्कळांचा कारभार धर्मसंघांच्या हातीं असतो. ज्यांनीं घरदार सोडून व्रतें घेतलीं, आपल्या लेकरांना अक्षरओळख करून दिली, त्यांच्या कारभारांत चूक दिसली तर संसारी माणसानें बोलावें काय? उपकाराचें ओझें जिभेवर बसतें.

शास्त्र काय सांगतें तें पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत असें आहे कीं, रोजच्या वांटणींत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या शिष्यांनीं केली. ही तक्रार साक्षात् प्रेषितांच्या कारभाराविषयीं होती. प्रेषितांनीं त्यांना कृतघ्न म्हटलें नाहीं. त्यांनीं मंडळीला बोलाविलें, सात माणसें निवडावयास सांगितलीं आणि व्यवस्था सुधारली. तक्रार ऐकिल्यानें प्रेषितांचा मान कमी झाला नाहीं. उलट विधवांना भाकर मिळाली.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें सेंट मेरी धर्मसंघाच्या भगिनींकडे गेल्या. हा संघ रोमन नव्हे, अँग्लिकन. तरी व्रतें आणि वरिष्ठांचें आज्ञापालन या बाबतींत त्याची राहणी कॅथॉलिक मठासारखीच. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंचा व त्यांच्या कन्येचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढें मतभेद उत्पन्न झाले. त्रैक्याचें तत्त्व ज्या रीतीनें शिकविलें त्या रीतीनें स्वीकारण्यास रमाबाईंचें मन होईना. क्रूसावर लॅटिन शब्द कां असावेत, संस्कृत कां नसावेत, असें त्यांनीं विचारिलें. त्यांनीं पुरुषांना शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील बिशपांचें मत पडलें, तेंही त्यांना मान्य झालें नाहीं.

परंतु हें सर्व त्यांनीं कोणास कळविलें? ज्यांच्याशीं मतभेद होता त्या सिस्टरांना, आणि ज्यांच्या कॉलेजांत त्या राहत होत्या त्या मिस बील यांना. पत्रांची भाषा नेहमींच मऊ नाहीं. सिस्टरांनाही ती बोचली, आणि त्यांनींही रमाबाईंना अहंकाराचा दोष दिला. तरी १९०७ सालीं आपली साक्ष लिहितांना, त्याच संघाच्या भगिनींनीं पतित स्त्रियांची जी सेवा चालविली होती तिच्याविषयीं रमाबाईंनीं मनापासून कृतज्ञता व्यक्त केली. आणि तीं बोचरीं पत्रें? तीं खुद्द सिस्टर जेराल्डीन यांनींच जपून एकत्र केलीं. १९७७ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. कृतज्ञता हें ऋण खरें. पण त्या ऋणापोटीं सदसद्विवेक गहाण टाकतां येत नाहीं.

कॅथॉलिक मंडळीचा स्वतःचा नियमही हेंच सांगतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या २१२ व्या कलमाप्रमाणें, मंडळीच्या हिताविषयींचें आपलें मत पाळकांना कळविण्याचा भाविकांना हक्क आहे, आणि प्रसंगीं तें त्यांचें कर्तव्यही आहे. मात्र श्रद्धा, आदर व सर्वांचें हित सांभाळून. २२० वें कलम कोणाच्याही सुकीर्तीस अन्यायानें बाध आणण्याची मनाई करितें. म्हणून जें डोळ्यांनीं पाहिलें तें आणि जें कानांवर आलें तें वेगवेगळें ठेवावें. प्रथम त्या घराच्या वरिष्ठांना भेटावें. तेथें दाद न लागल्यास संघाच्या प्रांतीय वरिष्ठांना लिहावें. शाळेचा किंवा धर्मग्रामाच्या कामाचा प्रश्न असेल तर बिशपांनाही कळवावें. पत्रावर तारीख व सही असावी. निनावी पत्राला उत्तर तरी कोण देणार? आणि काय सुधारावें हें स्पष्ट लिहावें. केवळ राग लिहूं नये.

एका गोष्टींत मात्र ही पायरी-पायरीची रीत लागू नाहीं. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें, तर वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहत बसूं नये. २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें अशी माहिती पोलिसांना देणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथें झगा किंवा व्रत पाहून गप्प राहणें हा आदर नव्हे. ती त्या लेकराशीं बेइमानी होय.

वाचकहो, शेजाऱ्याच्या अंगणांतील केर दाखवून आपलें अंगण झाडलें जात नाहीं. आपल्याही मंडळ्यांत पाळक आहेत, पंच आहेत, मिशनच्या मालमत्तेचे विश्वस्त आहेत. आणि आपणही पारावर पुष्कळ बोलतों व सभेंत खालीं पाहतों. ज्याच्याविषयीं तक्रार आहे त्याच्या दारीं जाऊन बोलणें, हाच त्याचा खरा मान. कारण तो ऐकेल व सुधारेल असा विश्वास त्यांत असतो. तो विश्वास बोलणाऱ्यानें दाखवावा, आणि ऐकणाऱ्यानें तो खरा करावा.