धरून ठेवलेला षड्ज

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि गाण्याचं शास्त्र सांगण्याआधी नादब्रह्माची उपासना मांडली. तेव्हापासून एक प्रश्न आपल्यापुढे आहे. नाद जर स्वयंसिद्ध असेल, तर गाणं शिकणाऱ्याने रोज तंबोऱ्यापुढे बसून मिळवायचं ते काय? 'कान तयार होतो' असं आपण सहज म्हणतो. पण ऐकू तर न शिकलेल्यालाही तितकंच येतं. माझ्या मते रियाजाने तयार होते ती धारणा. स्वर ही वस्तू नाही, ते षड्जाशी असलेलं नातं आहे, आणि नातं ओळखायचं तर त्याचं एक टोक मनात घट्ट धरावं लागतं.

हे हार्मोनियमवर पडताळून पाहता येतं. पांढरी एकला षड्ज मानून पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा या पट्ट्या वाजवल्या की भूप होतो. आता पट्ट्या त्याच ठेवा, फक्त तंबोरा पांढरी तीनच्या षड्जात लावा आणि पहिली तार मध्यमात. तेच पाच आवाज आता मालकंसाचे होतात. मघाशी गांधार असलेला आवाज षड्ज झाला, पंचम कोमल गांधार झाला आणि षड्ज कोमल धैवत. हार्मोनियमच्या कंपनांत काहीच बदललं नाही, तरी ऐकणाऱ्याचं सगळं जग पालटलं. यावर कुणी म्हणेल, काही जणांना नुसता आवाज ऐकून पट्टी सांगता येते, त्याचं काय? ती देणगी खरी आहे आणि कामाचीही आहे. पण 'ही काळी दोन' एवढ्यावरून तो रिषभ की मध्यम, हे ठरत नाही. नाव मिळालं, नातं अजून मिळायचंच आहे.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. स्वर म्हणजे नुसतं नातं, तर मग तो माणसांनी ठरवलेला संकेतच नाही का? याचं उत्तर तंबोराच देतो. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कुणी गात नाही, त्याची वेगळी तारही नसते. खर्जाच्या पाचव्या स्वयंभू स्वरातून तो येतो. हार्मोनियमचा गांधार याच्यापेक्षा सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने, चढा असतो. म्हणजे हे नातं आपण कल्पनेने जोडलेलं नाही, ते तारेतच आहे. तरीही नवख्याला तो गांधार ऐकूच येत नाही, आणि एकदा ऐकू आला की टाळू म्हणता टळत नाही. स्वर स्वयंसिद्ध आहे आणि रियाजही अटळ आहे, या दोन गोष्टी इथे एकत्र नांदतात.

उरतो प्रश्न कागदाचा. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तून बंदिशी वाचून गाण्याला गुरुमुखी विद्येचे कैवारी नाकं मुरडतात. त्यांची एक तक्रार रास्त आहे: बागेश्रीच्या गांधाराखाली आणि दरबारीच्या गांधाराखाली आडवी रेघ एकच, पण दरबारीचा गांधार अतिकोमल आणि आंदोलित. ते आंदोलन रेघेत मावत नाही, ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावं लागतं. म्हणून वाचन त्याज्य ठरत नाही. या लिपीत 'ग' लिहिला तरी तो कुठल्या पट्टीचा हे लिहिलेलं नसतं. काळी एकमध्ये गाणारा आणि काळी चारमध्ये गाणारी एकाच ओळीवरून आपापला गांधार गातात. षड्ज आतून पुरवल्याशिवाय ती लिपी मुकी आहे, आणि म्हणूनच धारणेची इतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. तंबोरा थांबवून, पूर्वी कधी न ऐकलेली बंदिश पुस्तकातून दोन आवर्तनं गायची आणि मग जोडीच्या तारा पुन्हा छेडायच्या. शार्ङ्गदेवाने अनाहत नाद मुनींकडे सोपवला आणि गाण्यासाठी आहत नाद घेतला. त्या दोन आवर्तनांत विद्यार्थ्याने सांभाळलेला षड्ज मात्र कुठेच वाजत नसतो, आणि गळ्यातून निघणारा प्रत्येक स्वर त्यालाच विचारून लागत असतो.