नदीपल्याड सोडलेली मांजर

दसरा झाला की केजच्या आसपासच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टर दारात येतो आणि नवरा-बायकोचा एकेक कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. सोबत भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, शेळी, कोंबड्या, कुत्रंसुद्धा जातं. मांजर तेवढी जात नाही. कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर घराला. कुलूप लागलेल्या घराच्या माळवदावर ती दोन-चार दिवस ओरडते आणि मग शेजारचं अंगण बघते.

आमच्या शेजारचं घर असंच बंद झालं आणि त्यांची करडी मांजर आमच्याकडं यायला लागली. आधी धुराड्यातून उतरून दूध सांडलं. मग कोंबडीची पिलं. अकरातली चार गेली. मी भिंतीवर बाभळीच्या फांद्या लावल्या, तर ती त्यातूनच वाट काढून आली. पाणी फेकलं, चप्पल फेकली. मिरचीची पूड टाकली, तर आम्हीच दिवसभर शिंकलो.

माय म्हणायची, "आरं, डालग्यावर दगड ठिव अन् दूध शिंक्यात ठिव. तिची जातच हाय ती." पण मारू नको, हेही बजावायची. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागती म्हणे. मारायची नव्हतीच मला. फक्त माझ्या अंगणात नको होती.

एका संध्याकाळी दूधभाकरी दाखवून तिला पोत्यात धरली आणि मोटारसायकलवर कळंबच्या रस्त्यानं निघालो. मांजरा नदीच्या पुलापलीकडं पोत्याचं तोंड सोडलं. (नदीचं नावही तेच, पण तेव्हा हसू आलं नाही.) ती पळाली नाही. उसाच्या कडेला बसून माझ्याकडं बघत राहिली.

येताना मी स्वतःला सांगत होतो, मारली तर नाही ना. मारलेलं आपल्या अंगावर येतं. सोडून दिलेलं कुणाच्याच अंगावर येत नाही, म्हणून ते सोपं जातं. पुढचं मी नदीवर, कुत्र्यांवर, पलीकडच्या गावावर टाकून आलो होतो. उपाशी-तहानलं मरेल अशा जागी जनावर विनाकारण सोडणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे पुढं कळलं. कायद्याचं राहू द्या. मला टोचतो तो 'नको असलेली' हा शब्द. नको मला होती. तिला घर होतं, माणसं होती. ती माणसं पाच-सहा महिने पोटासाठी दुसऱ्याच्या मुलखात पाल ठोकून राहिली होती, एवढंच. आणि दगड ठेवायला मला किती वेळ लागणार होता?

पाडव्याच्या मागंपुढं शेजारी परतले. सामान उतरायच्या आधीच त्यांची धाकटी आमच्या दारात.

"काका, आमची मनी दिसली का हो?"

माय चुलीपुढं होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बोलली काही नाही.

"असंल इथंच कुठंतरी," मी म्हणालो.

पोरगी आठ दिवस माळवदावर चढून हाका मारत होती. चहाचं घोटभर दूध वाटीत ठेवायची. त्या वाटीवर एक काळा बोका यायला लागला. आता तो आमच्याही अंगणात येतो. डालग्यावर मी दगड ठेवतो.