कोट तुमचा, मापं कुणाची?

उभे राहा सगळे. कोटाचं बटण लावा आणि वरच्या कप्प्यातला ग्रंथ काढायचा आहे असं समजून उजवा हात डोक्यावर न्या. आता शेजाऱ्याकडे बघा. कोट कंबर सोडून वर चढला, कॉलर मानेपासून सुटली, बाही घसरून अर्धा हात उघडा पडला. वकिलीची सनद मिळाली म्हणून शिकणं संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कुणासाठी कापलेला कोट आहे आणि ते त्यांना ठाऊकसुद्धा नाही.

हसू नका. याच अवस्थेत तुम्ही न्यायाधीशांसमोर उभे राहता. साक्षीदाराला कागद दाखवायला एक हात पुढे जातो आणि दुसरा हात कोट खाली ओढत बसतो. जिल्हा न्यायालयात मी हे रोज बघते. उलटतपास नेमका टोकाला आलेला असतो आणि वकिलाची बोटं कॉलरमध्ये अडकलेली असतात. तेवढ्यात साक्षीदार सावरतो, प्रश्नाची धार जाते. अशिलाने फी मोजली ती तुमच्या पूर्ण लक्षासाठी. त्यातला एक क्षणही कोटाने खाता कामा नये. मी आज कपड्यांवर बोलते आहे ती एवढ्याचसाठी. तुम्ही देखणं दिसावं ही माझी अपेक्षा नाही.

आता कोट वर का चढतो ते नीट ऐका, कारण तुमच्यापैकी एकानेही ते कधी कुणाला विचारलेलं नाही. तयार कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, मोठा आणि खोल कापतात. एकच कोट जाड-बारीक, नाना तऱ्हेच्या दंडांवर चढायला हवा ना! तुमची समजूत अशी, की मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा. ती साफ चूक आहे. मुंढा काखेपासून जितका खाली, तितकी बाही कोटाच्या अंगाला खालपर्यंत जखडलेली. हात उचलला की ती अख्खा कोट खेचते. मुंढा काखेलगत वर बसवलेला असेल तर हात वर जातो आणि कोट जागेवर राहतो. आणि एकदा खोल कापलेला मुंढा नंतर कुणालाही वर आणता येत नाही, तिथलं कापडच गेलेलं असतं. चांगला शिंपी तुमच्या दंडाचा आणि काखेचा घेर टेपने घेतो तो याच कामासाठी. दुकानातल्या लेबलाला फक्त एक आकडा ठाऊक असतो.

त्या आकड्यावर तुमची फार श्रद्धा. ‘मॅडम, माझा चाळीस नंबर.’ चाळीस इंच छातीच्या दोघांना शेजारी उभं करा. एकाचे खांदे उतरते, दुसऱ्याचे चौकोनी. एकाचे हात लांब, दुसऱ्याचं पोट पुढे. कित्येकांचे दोन खांदे एका पातळीतसुद्धा नसतात. पुस्तकांवर वाकून ज्यांची पाठ गोल झाली, त्यांच्या कोटाला मागे लांबी जास्त लागते आणि पुढे कमी. आपल्या देशाला स्वतःची प्रमाणित मापंसुद्धा नव्हती. वर्षानुवर्षं आपण परदेशी तक्त्यांवर बेतलेले कपडे घालत आलो. भारतीय शरीरांची मापं घेण्यासाठी ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने सहा शहरांत 25 हजार माणसं स्कॅन करण्याचा प्रकल्प हाती घेतला, तोही अगदी अलीकडे, 2018 साली त्याची घोषणा झाली. आणि तुम्ही लेबलावरच्या आकड्याला तुमचं शरीर समजता!

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, ‘कपड्यांनी काय होतं, ज्ञान महत्त्वाचं.’ हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपेक्षा जास्त ज्ञान तुमच्याकडे आहे का? ज्यांना शाळेत वेगळं, गोणपाटावर बसवलं गेलं, त्यांनी 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांची छायाचित्रं काढून बघा आणि कोटाच्या खांद्याकडे नजर लावा. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी सत्याग्रहासाठी जमलेल्या दलित स्त्रियांना लुगडं कसं नेसावं, स्वच्छ आणि नीटनेटकं कसं राहावं हे सांगितलं, आणि त्या स्त्रियांनी ते मानलं. अंगावरच्या कापडावरून माणसाला पायरी दाखवली जाते हे त्या बायकांना सांगावं लागलं नाही, त्या ते जगत होत्या. तुम्हाला मात्र आयती पायरी मिळाली आणि तुम्ही तिच्यावर सुरकुतलेल्या कोटात उभे आहात.

बार कौन्सिलचा पोशाखाचा नियम किती जणांनी वाचला आहे? हात वर करा. तीन. कायद्याची पदवी आहे तुमच्याजवळ! त्यात पुरुषांना बंद गळ्याचा कोट चालतो, अचकन चालते, शेरवानी चालते, पँटऐवजी धोतरसुद्धा चालतं. जीन्स चालत नाही. स्त्रियांना साडी, सलवार-कुर्ता, लांब स्कर्ट, सगळं चालतं. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडली तर उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. एवढी मोकळीक असताना तुम्ही एप्रिलच्या उन्हात जाड पॉलिएस्टरच्या पूर्ण अस्तराच्या कोटात उकडून निघता आणि दुपारच्या सुनावणीत बरोबर कलम आठवत नाही. शिंप्याला सांगितलं असतं, तर हलकं, साध्या विणीचं टेरीवुल आणि अर्धं अस्तर घातलेला कोट मिळाला असता. दुकानात हे कुणाला सांगणार?

शिंप्याकडे जाता तेव्हाही तुमची वागणूक शोभत नाही. जुना शर्ट पिशवीत घालून नेता आणि ‘याच मापाचा शिवा’ म्हणता. तो शर्ट तुम्हाला कधी नीट बसला होता का? टेप लागली की श्वास रोखून पोट आत घेता. मापाचा कोट अशा माणसासाठी कापला जातो, जो तुम्ही नाही. परवा घालायचा कोट आज शिवायला टाकता. कच्च्या शिलाईच्या ट्रायलला बोलावलं तर जात नाही, फोनवर सांगता, ‘तुम्हीच बघा.’ कोटाचा सगळा जीव त्या ट्रायलमध्ये आहे. खांदा अर्धा इंच उचलायचा, पाठीतली घडी काढायची, हे कच्च्या धाग्यावर होतं. पक्की टीप पडल्यावर नाही.

ट्रायलला जाताना न्यायालयात घालता तेच बूट घालून जा, शर्टाखाली तेच बनियन ठेवा. तिथे पुतळ्यासारखे उभे राहू नका. बसा, हात पुढे करा, एका हातात जाड फाईल धरा, खिशात पेन ठेवा. शर्टाच्या कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दिवसभर तुमचं काम आवाजावर चालतं आणि आवळलेल्या गळ्यातून युक्तिवाद निघत नाही. सुती कापड कापायच्या आधी भिजवून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात कॉलर आटते. कडेला आणि मागच्या शिवणीत माया सोडायला सांगा. तीन वर्षांनी तुमचं वजन वाढेल, आणि वाढेलच, तेव्हा तो कोट इंचभर सोडता येईल.

मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगते, कारण तुमची फसवणूक जास्त होते. बाजारातल्या बायकांच्या कोटाला खिशाच्या जागी कित्येकदा नुसती झडप असते, आत काही नाही. पेन कुठे ठेवणार? शिंप्याकडून दोन खरे खिसे आणि आतला एक मागून घ्या. तो हक्क आहे तुमचा. कुर्त्यावर कोट घालणार असाल तर कुर्त्यावरून माप द्या. साडीवर घालणार असाल तर साडी नेसून जा. डाव्या खांद्यावर पदराच्या घड्यांची जाडी असते, टी-शर्टवर घेतलेल्या मापाचा कोट तिथे आवळतो आणि मग दिवसभर तो खांदा वर उचलून तुम्ही उभ्या राहता. संध्याकाळी मान धरते आणि वाटतं कामाचा ताण आहे.

पैशांचं बोलायचं तर तेही बोलू. पहिल्या वर्षी ज्युनिअरच्या हातात काय पडतं ते मला माहीत आहे. पण फोन मात्र दर दोन वर्षांनी बदलता. स्वस्त तयार कोटात छातीच्या आतलं कापड चिकटवलेलं असतं. इस्त्री आणि ड्रायक्लीनने ते सुटतं, छातीवर फुगवटे येतात आणि कोट टाकावा लागतो. मापाचा, हातशिलाईने आत कॅनव्हास बसवलेला कोट दुरुस्त होतो, सैल होतो, घट्ट होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तरीही खरोखर परवडत नसेल, तर तयार कोट घ्या, पण खांदा आणि मुंढा बघून घ्या. कंबर आत घेणं, बाही आखूड करणं शिंपी थोडक्या पैशांत करून देतो. खांदा बदलायला निघालात तर कोट नव्याने शिवावा लागेल. आणि मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावणारे तुम्ही, तीस-तीस वर्षं कापड बेतणाऱ्या टेलरमास्तरांशी शिलाईवरून घासाघीस करता. लाज वाटायला हवी. ते तुमच्याइतकेच व्यावसायिक आहेत.

मे महिन्यात न्यायालयांना सुट्टी आहे, पण लग्नसराईत शिंप्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून याच आठवड्यात कापड घ्या. सुमारे दोन मीटर लागेल, पन्हा विचारून घ्या. पुढच्या शुक्रवारी ट्रायलची तारीख लिहिलेली पावती प्रत्येकाने माझ्या टेबलावर ठेवायची. ज्याला पैशांची अडचण आहे त्याने वर्ग सुटल्यावर एकट्याने येऊन मला भेटावं.