मी 'थांबा' म्हणालो होतो

माझ्या आयुष्यातली वीस-पंचवीस मिनिटं माझ्याकडे नाहीत. ती ताईकडे आहेत.

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका दवाखान्यात माझी उजव्या बाजूची खालची दाढ काढली. मला आठवतं ते एवढंच: बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा, नाकाशी ऑक्सिजनची नळी, दंडावर बीपीचा पट्टा, हाताच्या मागच्या बाजूला टोचलेली सुई, आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं 'आता जरा हलकं वाटेल' हे वाक्य. त्यानंतर एकदम रिक्षाच. दाढेत कापसाचा बोळा, बाहेर पाऊस, शेजारी ताई. मी तिला विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "हे तू चौथ्यांदा विचारतोयस."

मी भयंकर खूश होतो. ग्रुपवर टाकलंसुद्धा, 'कळलंच नाही यार.' १८ वर्षं ज्या गोष्टीपासून पळत होतो ती झाली होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

तीन दिवसांनी मऊ भात खाताना ताई सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तू आत 'थांबा, थांबा' म्हणत होतास."

मी हसलो. ती हसली नाही.

आधी माझ्या भीतीबद्दल सांगतो, नाहीतर हे सगळं एका दाढेचं नाटक वाटेल. मी नऊ वर्षांचा असताना तालुक्याच्या गावी एका दातांच्या डॉक्टरांनी 'फक्त बघतो हं' असं सांगून माझा दात काढला होता. बाबांनी हात धरले, कंपाउंडरनं डोकं. कुणी दुष्ट नव्हतं. बाहेर आल्यावर बाबांनी उसाचा रस पाजला, मग लक्षात आलं की मला तो गिळता येत नाहीये, तर त्यांनीच तो पिऊन टाकला. दुखणं मी विसरलो असतो. 'फक्त बघतो' हे विसरलो नाही. तेव्हापासून कुठलाही पांढरा कोट 'काही नाही होणार' म्हणाला की माझे पाय दाराकडे वळतात. मधल्या काळात चार दवाखान्यांच्या खुर्च्यांवरून उठून आलोय. दाढेत पू झाला, गाल सुजला, तरी लवंगेच्या तेलावर दोन महिने काढले.

म्हणून शेवटी भित्र्या पेशंटांसाठी सेडेशन देणाऱ्या या दवाखान्यात गेलो. तिथे पहिल्या दिवशी तोंड उघडायलाच सांगितलं नाही. पाच प्रश्नांचा एक कागद दिला. उद्या डॉक्टरकडे जायचंय हे कळलं तर कसं वाटेल, बाहेर बसल्यावर कसं वाटेल, ड्रिलच्या वेळी, दात साफ करताना, हिरडीत इंजेक्शन देताना. प्रत्येकाला १ ते ५ गुण. १९ किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र समजतात. मला २३ आले. शाळेत इतके कधी पडले नव्हते. मॅडम कागद बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात." माझ्या भीतीवर पहिल्यांदाच कुणी हसलं नव्हतं किंवा ओरडलंही नव्हतं.

आता औषधाबद्दल. मला मिळालं त्याचं नाव मिडाझोलाम. आपल्याला वाटतं, झोपवतात. तसं नाही. या प्रकारच्या सेडेशनमध्ये माणूस जागा असतो. 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो, विचारलं तर उत्तर देतो. तसं व्हायलाच हवं, नाहीतर डोस जास्त झाला असं धरतात. मिडाझोलाम भीती घालवतं, पण ते वेदनाशामक नाही. दाढ सुन्न करायला हिरडीतलं नेहमीचं इंजेक्शन द्यावंच लागतं. आणि त्याचा आणखी एक गुण आहे, तो औषध म्हणा किंवा दुष्परिणाम म्हणा: ते चालू असताना नव्या आठवणी बनत नाहीत. त्याचा परिणाम उलटवणारं औषधही असतं, फ्लुमॅझेनिल. त्यानं माणूस लवकर भानावर येतो, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत, कारण ती कुठे साठवलेलीच नसतात.

म्हणजे त्या खुर्चीत कुणीतरी होतं. जागं होतं, बोलत होतं, 'थांबा' म्हणत होतं. मग तो गेला आणि रिक्षात मी आलो.

माझा रूममेट याला म्हणतो, 'आठवत नाही ना? मग विषय संपला.' तो इंजिनियर आहे, त्याला लॉगमध्ये नसलेली एरर म्हणजे न झालेली एरर वाटते. आठवडाभर मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण मग एका रात्री एक सरळ प्रश्न पडला. आठवलं नाही म्हणजे झालं नाही, असं असेल तर सुन्न करणारं इंजेक्शन द्यायचंच कशाला? नुसतं विसरायचं औषध द्यावं आणि दाढ उपटावी. सकाळी सगळे मजेत. हे मी रूममेटला विचारलं तर तो म्हणाला, "छे, असं कसं?" म्हणजे त्यालाही माहितीये की दुखणं दुखत असतानाच खरं असतं, त्याला नंतर पावती लागत नाही.

डेरेक पारफिट नावाच्या तत्त्वज्ञानं १९८४ च्या आपल्या पुस्तकात अशीच एक गोष्ट रचली आहे. ऑपरेशन जागेपणी होतं, दुखतं, आणि नंतर त्याची आठवण पुसून टाकतात. तुम्ही हॉस्पिटलात जागे होता, आणि नर्सला खात्री नाही की तुमचं दहा तासांचं ऑपरेशन काल झालं की एक तासाचं आज व्हायचंय. तुम्ही मनात काय म्हणाल? जवळपास सगळे म्हणतात, कालचं असू दे, दहा तास का असेनात. वेदना दहापट, तरी चालेल, फक्त ती माझ्या मागे हवी. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, खुर्चीतल्या त्या माणसाला आपण सगळे किती पटकन विकून टाकतो.

आणि ही अडचण नवी नाही, भुलेच्या जन्मापासूनची आहे. हंफ्री डेव्हीनं १८०० मध्येच लिहून ठेवलं होतं की नायट्रस ऑक्साइड शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला वापरता येईल. पुढची चार दशकं लोकांनी तो वायू पार्ट्यांत आणि जत्रेसारख्या खेळांत हुंगून हसण्यासाठी वापरला. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी अशाच एका खेळात वायू घेतलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला कळलंच नाही. ते पाहणारा हॉरेस वेल्स दातांचा डॉक्टर होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. जानेवारी १८४५ मध्ये तो बॉस्टनला डॉक्टर-विद्यार्थ्यांसमोर प्रयोग दाखवायला गेला. दात निघताना पेशंट ओरडला. प्रेक्षकांनी 'थोतांड' म्हणून हुर्यो उडवली. वेल्स खचला तो खचलाच. पुढे त्यानं लिहिलं की त्या पेशंटनं नंतर सांगितलं होतं, थोडं दुखलं, पण नेहमी दुखतं तितकं नाही.

कुणावर विश्वास ठेवायचा? ओरडणाऱ्यावर की नंतर सांगणाऱ्यावर? सभागृहानं ओरडण्यावर ठेवला. आज आपण नंतर सांगणाऱ्यावर ठेवतो, फीडबॅक फॉर्म त्याच्याकडूनच भरून घेतो. मी पाच स्टार दिले होते.

टाके काढायच्या दिवशी मी मॅडमना विचारलं. विचारताना घसा कोरडा पडला, कारण मला त्या आवडत होत्या.

"मॅडम, मी थांबा म्हणालो होतो?"

"हो," त्या म्हणाल्या. "तीनदा." फाइल उघडून त्यांनी दाखवलंही. तारीख, डोस, नाडी, आणि त्यांच्या अक्षरात एक ओळ की पेशंटनं तीन वेळा थांबायला सांगितलं. "पहिल्यांदा म्हणालात तेव्हा थांबले. दुखतंय का विचारलं, तुम्ही म्हणालात, गाडी लागली का बघा. दुसऱ्यांदा तुम्ही हात वर केलात, म्हणून आणखी सुन्न केलं. पू झालेल्या जागी इंजेक्शन नीट चढत नाही, त्यामुळे तुम्हाला थोडं लागलं असणार. तिसऱ्यांदा नाही थांबले. दाढ अर्धी सुटली होती. तशी सोडली असती तर रात्री तुमचे हाल झाले असते."

मी म्हणालो, "पण मला आठवत तर नाही."

"ते माझ्या सोयीचं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ते कारण मी धरत नाही."

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं. "मी विचारलं नसतं तर सांगितलं असतं?"

त्या जरा वेळ फाइल बंद करत राहिल्या. "नसतं बहुतेक. लोक इतके आनंदात जातात."

मला त्यांचा राग आला नाही. पण घरी येताना वाटलं, 'फक्त बघतो' आणि 'कळलंच नाही' यांत फरक आहेच, मोठा आहे, तरी दोन्ही एकाच गल्लीत राहतात.

मॅडमच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे. संमतीची सही औषध देण्याआधी घेतात, कारण नंतरच्या 'हो'ला किंमत नाही. मग नंतरच्या 'नाही'ला का असावी? हा मुद्दा मी बरेच दिवस चघळला, डाव्या बाजूनं. मला तो पटत नाही. 'हो' म्हणजे मी माझ्या शरीरावर दुसऱ्याला हक्क देतोय, तो देताना शुद्ध हवी. 'नाही' म्हणजे फक्त हात काढा. तेवढं म्हणायला शहाणपण लागत नाही. मांजरसुद्धा म्हणतं.

पण मांजराचं ऐकलं तर त्याला इंजेक्शन कधीच देता येणार नाही, हेही खरं. माझ्या प्रत्येक 'थांबा'ला लोक थांबलेच होते की, चार दवाखान्यांत. त्याचं फळ म्हणजे सुजलेला गाल. भीती माझ्या तोंडून बोलते तेव्हा ती मी असतो की नसतो, हे मला औषधाशिवायही कधी नक्की सांगता आलेलं नाही. मुलांचं तर आणखी अवघड. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करणं ही दातांच्या दवाखान्यातली एक मान्य पद्धत होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेनं ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढली २००६ मध्ये. म्हणजे मी बाबांच्या हातांत अडकलो होतो त्याच्या आसपासच. त्याच व्यवसायात 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही साधी रीतही १९५९ पासून शिकवली जात होती. दोन्ही पुस्तकांत होत्या. आपल्या वाट्याला कुठली येते ते कुठल्या खुर्चीत बसतो त्यावर.

तर थांबायलाच हवं होतं का? तिसऱ्या वेळी नाही, असं मला वाटतं. अर्धी सुटलेली दाढ सोडून देणं म्हणजे ऐकणं नव्हे. पण न थांबता पुढे गेलेल्या माणसाकडे एक गोष्ट उरते: काय झालं ते त्याला माहीत आहे आणि मला नाही. माझा नकार आता त्याच्याकडे ठेवीसारखा आहे. तो खर्चून टाकायचा की परत द्यायचा, हे माझ्या विसरण्यावर ठरू नये.

आता माझी अक्कलदाढ काढायची आहे. येत्या शनिवारी. मॅडमनी विचारलं, या वेळी नुसता नायट्रस घेऊन बघायचं का? नाकावर मास्क, बंद केला की काही मिनिटांत उतरतो, आणि बरंचसं आठवतं. मी दोन दिवस विचार केला आणि मिडाझोलामच मागितलं. एवढं लिहूनसुद्धा. भीती वाटते, काय करणार.

फक्त फॉर्मच्या खाली पेननं तीन ओळी लिहिल्या. मी थांबा म्हणालो तर थांबावं. दाढ सुटलेली असेल तर पुन्हा सुन्न करून पूर्ण करावी. आणि मी जे जे बोललो ते नंतर मला सांगावं, मी विचारलं नाही तरी. मॅडमनी वाचलं. तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या, मग खाली सही केली.

ताईला फोन करून विचारलं, या वेळी पण आत बसशील का?

ती म्हणाली, "मी मागच्या वेळी उठले होते रे. तू तिसऱ्यांदा म्हणालास तेव्हा. मग वाटलं, त्यांना कळतंय, आपण काय बोलणार. परत बसले." थोडा वेळ फोनवर नुसता तिच्या स्वयंपाकघरातला आवाज येत राहिला. "बसते. पण या वेळी मी मधे बोलणार आहे. आधीच सांगून ठेव त्यांना."