चाप आणि बार यांच्यामधला क्षण

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मका, सोयाबीन, हरभरा राखायचा म्हणजे रोही आणि रानडुकरांशी गाठ. काही जुन्या घरांत त्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक असते. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे भरायचे, गजानं ठासायचं, मागं टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार होतो. पण दमट रात्री टोपी दगा देते. म्हणून माझे मामा विचारतात, "टोपीच्या जागी काडतुसातला प्रायमर बसेल असं करून घेतलं, तर काय बिघडलं?"

कायद्याचं उत्तर सरळ आहे. बंदुकीत असा बदल करायलाही परवाना लागतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे स्वतःच्या शेतातही परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. पण मामांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे.

सतराव्या शतकात दख्खनच्या लढायांत तोड्याची बंदूक होती. तिची वात आधीच पेटवून ठेवावी लागे. अंधारात ती दिसायची, तिचा वास यायचा. नंतर चकमकीची बंदूक आली. तिच्यात आधी बाहेरची रंजक भडकते आणि मग आतला बार उडतो. फोर्साइथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री पक्ष्यांची शिकार करायचा. रंजकीचा भडका दिसताच पक्षी निसटत. म्हणून आघातानं पेटणारी दारू वापरून त्यानं १८०७ साली पेटंट घेतलं. टोपी त्यातूनच पुढं आली आणि आजच्या ठासणीच्या रायफलीतला प्रायमरही त्याच वाटेवरचा. दर वेळी चाप ओढणं आणि बार उडणं यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. तरीही अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यानं हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी राखून ठेवला. सोय हाताशी असताना ती मुद्दाम नाकारली.

हे वाचून वाटतं, सावकाश तेच नैतिक. मला ते पटत नाही. त्या क्षणभराच्या उशिरात जनावर हललं, तर ते मरत नाही, जखमी होऊन झुडपात तडफडत राहतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर झटकन उडणारा बारच दयाळू. आणि रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याला, शहरात निवांत झोपणाऱ्यानं संथपणाचे धडे देऊ नयेत.

मग त्या उशिराची किंमत काय? जुनी बंदूक माणसाला थांबायला भाग पाडायची. वात पेटवा, ठासा, एकच बार मिळेल. तो माणसाचा संयम नव्हता, अवजाराची अडचण होती. पण त्या अडचणीत विचाराला जागा मिळायची. अडचण गेली की ती जागाही जाते. आपल्या फोनवरही तेच झालंय. पत्र लिहून पेटीत टाकेपर्यंत राग निवायचा, आता अंगठा टेकला की शब्द समोरच्याला लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : अवजार सुधारायला हरकत नाही, पण त्यातून काढून टाकलेलं थांबणं आता आपल्याला स्वतःहून, चापाच्या आधी, करावं लागेल. अंधारात मका हलतोय. तिथं डुक्कर आहे, की बांधावरून घरी निघालेला कुणी? हवेत बार काढून भागेल का? प्रायमर कितीही भरवशाचा असला, तरी हे प्रश्न तो विचारणार नाही.